त्याच्या खिशात काय आहे?

मागच्या अंकात मी माझ्या मुलाच्या स्क्रॅपबुकाविषयी लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती बहुतेक मुलग्यांच्या घरातून. प्रत्येकाची अडचण साधारण एकच: फोटो आहेत, वही आहे, पण मुलाच्या पानावर सजावट म्हणून लावायचं काय? त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तर देते.

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. बारा इंची चौकोनी पानांचा अल्बम हौसेनं घेतला. सजावटीच्या वस्तू आणायला गेले तर मुलींसाठी फुलं, फुलपाखरं, लेस, मोती असं खूप काही. मुलासाठी मात्र निळी गाडी आणि हिरवा डायनासोर. माझ्या मुलाला डायनासोर आवडतसुद्धा नाहीत. काय करू?
*– एक आई, ऐरोली*

ताई, दुकान क्षणभर विसरा. आज संध्याकाळी त्याची चड्डी धुवायला टाकण्याआधी दोन्ही खिसे उलटे करा.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही रोज नौपाड्यातून तलावपाळीपर्यंत चालत जायचो. परत येईपर्यंत त्याचे खिसे फुगलेले असायचे. सोड्याच्या बाटलीचं बूच, गुलमोहराच्या शेंगेतल्या बिया, कुणाच्या तरी शर्टाचं तुटलेलं बटण, बोटिंगच्या तिकिटाचा चुरगळलेला तुकडा. पहिली दोन वर्षं मी ते सगळं केरात टाकलं आणि पानांवर विकतचे स्टिकर लावले. आज ती पानं उघडली की स्टिकर दिसतात, तो दिसत नाही. याची हळहळ मला अजून वाटते, म्हणून तुम्हाला इतक्या आग्रहानं सांगते आहे.

आता या वस्तू लावायच्या कशा? बूच जाड असतं, शिवाय गंजतं. ते चिकटवू नका, त्याचा छाप घ्या. नाण्यावर कागद ठेवून आपण पेन्सिल घासायचो ना, तसंच. बूच, किल्ली, झाडाची साल, बुटाचा तळ, जे त्याला आवडतं त्याच्यावर पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा धरून घासा. छाप सुंदर उमटतो, पान सपाट राहतं, आणि हे काम चार वर्षांचं मूल स्वतः करतं. ते छाप गोल कापून फोटोच्या एका कडेला ओळीनं लावा. गाडी आवडत असेल तर तिचं चाक रंगात बुडवून त्यालाच पानावरून फिरवू द्या. चाकांच्या नक्षीची किनार वाकडी आली तरी तशीच ठेवा.

आणि तो खिसासुद्धा टाकायचा नाही. आखूड झालेल्या चड्डीचा किंवा जीन्सचा मागचा खिसा खालच्या कापडासकट, शिवणीपासून अर्धा इंच सोडून कापा. जाड कार्डशीटवर आधी सुईनं भोकं पाडून घ्या, मग जाड दोऱ्यानं टीप घाला. त्या खिशात त्याचं पहिलं चित्र, बालवाडीतली चिठ्ठी, तिकिटं घालता येतात. मशीनमधून निघणारं बसचं तिकीट मात्र तसंच ठेवलंत तर काही महिन्यांत कोरं होईल. उष्णतेनं छपाई होणारा तो कागद असतो, अक्षर टिकत नाही. त्याची आधी झेरॉक्स काढा.

तुम्ही ऐरोलीत राहता, म्हणून आणखी एक सुचवते. त्याला खाडीवर फ्लेमिंगो दाखवले असतील, नसतील तर येत्या हिवाळ्यात नक्की दाखवा. फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी असतं. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन खाऊन त्याच्या पिसांना हळूहळू गुलाबी रंग चढतो. मुलाच्या पहिल्या वर्षाच्या पानावर कागदाचा राखाडी पक्षी लावा, पुढच्या वर्षी किंचित गुलाबी, आणि चौथ्या वर्षाच्या पानावर पूर्ण गुलाबी. मुलाच्या वहीत गुलाबी रंग कसा, असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. खाडीकाठी वाढणाऱ्या मुलाचा तो रंग आहे.

फेव्हिकॉल चालेल का?
*– एक वाचक, घोडबंदर रोड*

फोटोला नको. त्यातल्या पाण्यानं कागदाला लाटा येतात. सेलोटेपही नको, ती पिवळी पडते आणि तो पिवळेपणा कागदात उतरतो. सपाट वस्तूंना ‘ॲसिड फ्री’ लिहिलेली ग्लू स्टिक किंवा डबल टेप वापरा. फोटोंना कागदी कोपरे लावा, म्हणजे हवा तेव्हा फोटो निघतो. कापड, बटण, नाडी शिवूनच लावा. शिवलेलं सुटत नाही.

मुलगा सात वर्षांचा आहे. दर दिवाळीला सोसायटीच्या आवारात आम्ही दोघं मिळून किल्ला करतो. यंदाच्या किल्ल्याचं पान करायचं आहे. किल्ल्याची माती आणि एक मावळा पानावर चिकटवावा असं त्याचं म्हणणं आहे.
*– एक बाबा, खारघर*

दादा, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. बाप आणि मुलगा मिळून पान करताहेत असं सांगणारं हे पहिलंच पत्र.

माती नको. ती सुटते, दमट होते आणि समोरच्या पानावरच्या फोटोवर ओरखडे काढते. मातीसाठी हार्डवेअरच्या दुकानातून तपकिरी पॉलिश पेपर आणा, म्हणजे आपला काचकागद. हातानं वेडावाकडा फाडा आणि दोन-तीन तुकडे एकावर एक चढवा. डोंगर तयार. बोट फिरवलं की मातीसारखाच खरखरीत लागतो. तोही घासणाराच कागद, म्हणून हे पान प्लास्टिकच्या पाकिटात घाला. पाकीट पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. पीव्हीसीचं घेऊ नका, त्याचा फोटोंवर वाईट परिणाम होतो.

किल्ल्याच्या पायऱ्यांसाठी एखाद्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि त्याचा वरचा कागद पाण्याचा हात लावून सोलून काढा. आतल्या पन्हळ्या दिसतात त्याच पायऱ्या. हा पुठ्ठा मात्र फोटोला टेकू देऊ नका. मोहरी किंवा अळीव पेरून किल्ल्यावर हिरवळ करत असाल, तर ती पोपटी भरतकामाच्या दोऱ्यानं करा, सुईवर दोन वेढे घेऊन गाठ मारायची, तशा शंभरेक गाठी. यात वेळ जातो. माझ्या मुलानं यातल्या निम्म्या गाठी नवव्या वर्षी स्वतः घातल्या होत्या. शिवण हे मुलींचं काम आहे असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मातीचा मावळा घरात फळीवर ठेवा. पानावर त्याचा फोटो लावा. अगदी जवळून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला. आकारानं कापून मागे फोम टेपचे दोन ठिपके लावलेत की मावळा बुरुजावर उभा राहिल्यासारखा दिसतो. भगवा झेंडा सॅटिनच्या रिबिनीचा करा.

आणि एक विचारते. किल्ल्याशेजारी त्यानं काही पाटी लिहून लावली होती का? ‘किल्ल्याला हात लावू नये’ किंवा अशीच काही? असेल तर ती पाटी या पानाचं शीर्षक. छापील अक्षरं आणू नका. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर तेही तसंच राहू द्या.

नातवाच्या बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने जपून ठेवले आहेत. ते आणि जावळाची एक बट त्याच्या वहीत लावायची फार इच्छा आहे. सून म्हणते, टिकणार नाहीत.
*– एक आजी, कोपरी*

आजी, सूनबाई बरोबर सांगताहेत.

मी हे स्वतः केलेलं आहे. मुलाच्या पहिल्या संक्रांतीचा हलव्याचा हार मी पानावर टाके घालून बसवला होता. जानेवारी ते मे छान दिसला. जूनमध्ये आपल्याकडची हवा ओली झाली आणि हलव्याला पाणी सुटलं. आधी मुंग्या आल्या, मग हार समोरच्या पानाला चिकटला. मी ओढून सोडवायला गेले तेव्हा समोरच्या फोटोचा वरचा थरच निघून आला. माझ्या सासूबाईंच्या मांडीवर तो बसलेला, असा तो एकच फोटो होता आणि त्याची निगेटिव्हही नव्हती. साखरेची वस्तू पानावर लावायची नाही, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते. साबुदाणा, तीळ, बोराच्या बिया यांनाही किडे लागतात.

पण तुमची इच्छा अपुरी राहायला नको. त्याचं काळं झबलं ठेवलं असेल तर त्याचा एक तुकडा पानभर पसरून पाठीमागून शिवून घ्या. मुकुट, बाजूबंद, हार काळ्या कापडावर मांडून खिडकीच्या उजेडात त्यांचे फोटो काढा आणि खऱ्या मापाचे छापून आणा. मग हलवा काढून टाका. त्याच्याखालचा सोनेरी पुठ्ठा आणि जरतार राहील, ती लावता येते. हलव्याच्या जागी तीन मिलिमीटरचे पांढरे मोती ओवा. मुलींच्या सामानात मिळणारे हेच मोती तुमच्या नातवाच्या पानावर हलवा होऊन बसतील. बोरं लाल-हिरव्या कागदाच्या गोल टिकल्यांची करा. त्या वरून खाली येताना दाट होत जाऊ द्या, डोक्यावरून ओतल्यासारख्या.

केस टिकतात. तुमच्याकडे जावळ विसर्जन करायची पद्धत असेल तर घरात विचारून एक बट ठेवा. पूर्ण कोरडी करा, सुती दोऱ्यानं बांधा. रबर लावू नका, ते चिकट होतं. बटर पेपरच्या छोट्या पाकिटात घालून वर तारीख आणि कुणाच्या मांडीवर जावळ काढलं ते लिहा, तुमच्या हातानं. पावसाळ्यात वही भिंतीलगतच्या लोखंडी कपाटात नको. बाहेरच्या भिंतीपासून दूर, उभी ठेवा, जवळ सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ऊन पडेल त्या दिवशी पंख्याखाली उघडी करा.

मुलगा दहा वर्षांचा, पूर्ण क्रिकेटवेडा. त्याच्या पानासाठी मी लाल चेंडू, स्टंप, बॅट असे सुंदर कटआउट आणले. त्यानं बघितलं आणि म्हणाला, ‘आई, हे माझं नाहीये.’ फार वाईट वाटलं.
*– एक आई, नेरूळ*

ताई, वाईट वाटून घेऊ नका. त्यानं तुम्हाला सजावट सांगितली आहे.

तो खाली कशानं खेळतो? बहुतेक टेनिस बॉलनं. मग त्याच्या पानावर लाल चेंडू कशाला हवा? जुना टेनिस बॉल कापलात तर वरचं लवदार कापड निघतं. त्याचा गोल कापा आणि पांढऱ्या दोऱ्यानं वळणदार रेघ शिवा. स्टंप कुठले आहेत? भिंतीवर विटेनं ओढलेल्या तीन रेघा असतील तर विटकरी खडूनं त्याच तीन रेघा पानावर त्यालाच ओढू द्या. वहीच्या मागच्या पानांवर तो स्कोअर लिहीत असणार. ते पान झेरॉक्स करून त्याच्या लांब पट्ट्या कापा. टिंब, चौकार, षटकार, विकेट अशी त्याच्याच अक्षरातली किनार फोटोभोवती फिरेल. भांडण होऊन एखादी धाव खोडलेली असेल, तर ती पट्टी वरच्या कोपऱ्यात लावा. ती धाव कुणाची होती ते त्याला विचारा, आणि तो सांगेल तसंच खाली लिहा.