पायवाट बांधत नाहीत, ती पडते

‘पायवाट’ म्हणजे नेमकं काय, शब्द आला कुठून आणि शहरातल्या फूटपाथला पायवाट म्हणावं का, असा प्रश्न आहे. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सांगत बसत नाही. पण ‘पायवाट बांधली’, ‘पायवाटेचं काँक्रिटीकरण’ असं वाचलं की माझं डोकं फिरतं. पायवाट कुणी बांधत नाही, ती पडते. माणसांच्या येण्याजाण्याने मळते. आणि मळलेली वाट म्हणजे मळकी वाट नव्हे! हे मळणं कणकेचं. व्याकरणकार हेमचंद्राने बाराव्या शतकातच प्राकृतात मृद् (तुडवणं, चुरडणं) या धातूला ‘मल’ हा आदेश, म्हणजे त्याच्या जागी येणारं रूप, सांगून ठेवला आहे.

‘पाय’ आला पाद वरून, त्यात वाद नाही. खरी मौज ‘वाट’मध्ये आहे. संस्कृतात ‘वाट’ शब्द आहे, तोच जसाच्या तसा मराठीत उतरला, असं ठोकून देणारे विद्वान भेटतात. त्यांनी कानांनी विचार केलेला नाही. दोन स्वरांमधला एकटा ट मराठीत येईपर्यंत ड होतो. घटाचा घडा, कटूचं कडू, वटाचा वड. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. तिचाही वाडा झाला, वाडी झाली. तिची वाट कशी होईल? टिकतो तो जोडाक्षरातून आलेला ट: संस्कृत वर्त्म, प्राकृत वट्ट, मराठी वाट.

धातू वृत्, म्हणजे फिरणं, वळणं. वर्तुलातून आलेलं वाटोळं आणि वर्तीतून आलेली निरांजनातली वात ही वाटेची सख्खी भावंडं. एकीत त राहिला, दुसऱ्यांत ट झाला, एवढाच फरक. वर्त्म म्हणजे मुळात चाकांनी पाडलेला माग, आपली चाकोरी. म्हणून माझं ठाम मत असं, की ‘पाय’ जोडावा लागला तो याचसाठी. वाट गाडीची होती. पायी जाणाऱ्यांनी शेताच्या बांधावरून, डोंगराच्या कडेने आपली निराळी पाडली, ती पायवाट. मग ‘गाडीवाट’ शब्द कशाला, असं कुणी विचारेल. तो वाटेतलं चाक लोक विसरले त्यानंतरचा.

फूटपाथला पदपथ म्हणा, नाहीतर सरळ फूटपाथ म्हणा. बांधलेल्या वाटेला घरचाच शब्द हवा असेल तर कोकणात पाखाडी आहे. जांभ्या दगडाची, चढावर पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी. ती बांधतात.