गॅरेथ साउथगेटला इंग्लंडच्या फुटबॉल संघाचा यशस्वी प्रशिक्षक म्हणता येईल का?

हो, करंडक नसला तरी म्हणता येईल. १९६६ नंतर इंग्लंडच्या पुरुष संघाने मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठलीच नव्हती. साउथगेटच्या काळात ती दोनदा गाठली, युरो २०२० आणि युरो २०२४ (युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा). शिवाय २०१८ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी, २०२२ ला उपांत्यपूर्व. तो यायच्या आधी, २०१६ च्या युरोत, हाच संघ आइसलँडकडून हरून घरी परतला होता! फक्त नुसत्या फेऱ्या मोजू नका, समोर कोण होतं तेही बघा. क्रोएशिया, इटली, फ्रान्स, स्पेन... तगडा संघ आला की बहुतेकदा गाडी अडली. इटलीविरुद्ध तर दुसऱ्याच मिनिटाला गोल करून इंग्लंड मागे मागे सरकत गेलं. जर्मनीला २-० हरवलं, तो ठळक अपवाद.