बिनविरोध नको

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

वडिलांच्या जागेवर तुला जिल्हा परिषदेत बिनविरोध पाठवायचं ठरतंय आणि झोप लागत नाही, असं लिहिलंस. लागत नाही तेच बरं. पण ‘वारसा नाकारला तर वडील दुखावतील’ हे मला पटलं नाही.

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे खासदार टोनी बेन आठव. वडील विल्यम वेजवुड बेन 1929 ते 1931 भारतमंत्री होते, 1942 साली व्हायकाउंट स्टॅन्सगेट ही वारशानं चालणारी उमरावाची पदवी त्यांना मिळाली. थोरला मुलगा युद्धात मारला गेला, त्यामुळे पदवी टोनींकडे येणार आणि ती आली की खासदारकी जाणार, कारण तेव्हा उमरावाला हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या लोकनियुक्त सभागृहात, जागा नव्हती. वडील हयात असतानाच टोनींनी पदवीतून मोकळीक मागितली, आणि वडील मुलाच्या बाजूनं उभे राहिले. संसदेनं ऐकलं नाही. नोव्हेंबर 1960 मध्ये वडील वारले आणि ब्रिस्टलनं 1950 पासून निवडून दिलेला माणूस लॉर्ड झाला. मे 1961 ची पोटनिवडणूक बेन 13 हजारांहून जास्त मतांनी जिंकले, तरी सभागृहाच्या दारातच अडवले गेले. निवडणूक न्यायालयानं जागा हरलेल्या माल्कम सेंट क्लेअरना दिली! 31 जुलै 1963 ला अशी पदवी सोडू देणारा कायदा झाला, त्याच संध्याकाळी बेननी पदवी सोडली. सेंट क्लेअरनीही दिलेल्या शब्दाप्रमाणे जागा रिकामी केली.

सत्ता हातात असलेल्याला बेन विचारत, ती कोणी दिली, कोणाला जबाबदार आहात, आणि तुम्हाला काढायचं कसं? हा शेवटचा प्रश्न पाठ कर. जिथून लोक काढू शकतात, त्याच खुर्चीवर बस. 1983 मध्ये ब्रिस्टलनं त्यांना खरंच काढलं. पुढच्या वर्षी ते चेस्टरफिल्डच्या मतदारांपुढे उभे राहिले आणि निवडून आले.

माझं तुला ठाऊक आहे. वडिलांमागे पतसंस्थेचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं, बावीस वर्षं बिनविरोध. कुणाची ठेव बुडाली नाही, हिशेब चोख ठेवले, हे आजही छाती ठोकून सांगेन. गावात वाद नकोत म्हणून बिनविरोध, असं सगळे म्हणत, मीही म्हणायचो. मग काउंटरवर कर्ज नाकारलेल्या एका बाईंनी विचारलं, “तुम्हाला निवडलं कोणी?” मी काम चांगलं केलं होतं रे! पण उत्तर नव्हतं. जिथून लोक काढू शकतात, तीच खुर्ची. अजून किती वेळा लिहू?

राजकारण सोड असं मी म्हणत नाही. अर्ज भर, घराघरांत जा, पडलास तर पड.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी समोरच्या उमेदवाराच्या घरी माणसं पाठवायची नाहीत, हे वडिलांना आज रात्रीच सांग. एकट्याला जड जात असेल तर फोन कर, मी येऊन शेजारी बसतो.

तुझा,
काका