चांगले बास्केटबॉलपटू सगळे एकाच हायस्कूलमध्ये: हा अन्याय आहे का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे, पब्लिक हायस्कूलच्या व्हर्सिटी (शाळेच्या मुख्य) बास्केटबॉल संघातून खेळतो. काउंटी स्पर्धेत एका खाजगी शाळेने त्यांचा ४१ गुणांनी धुव्वा उडवला. त्या संघात पाच-सहा गावांतून गोळा केलेली पोरं आहेत म्हणे. हे न्याय्य आहे का? की आपणही मुलाला तिकडेच घालावं?

उत्तर:

चांगली पोरं एका शाळेत जमतात याला मी अन्याय म्हणणार नाही. खटकतं ते हे की त्या शाळेला आणि तुमच्या मुलाच्या शाळेला एकाच ड्रॉमध्ये टाकतात आणि वर दोघांना ‘हायस्कूल संघ’ असं एकच नाव देतात.

आपल्याकडे हे नवीन नाही. सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात गेला तो आचरेकर सरांच्या सांगण्यावरून, कारण तिथला क्रिकेट संघ तगडा होता. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याने आणि विनोद कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. ती गोष्ट आपण आजही कौतुकाने सांगतो. सीमारेषेवरून चेंडू आणून आणून दमलेल्या झेवियर्सच्या पोरांची बाजू कोणी विचारत नाही. तुमचा मुलगा सध्या त्यांच्या जागी आहे, एवढाच फरक.

बास्केटबॉलमध्ये हा प्रश्न इतर खेळांपेक्षा जास्त टोचतो, कारण मैदानावर पाचच जण असतात. हायस्कूलचा सामना आठ-आठ मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे ३२ मिनिटांचा. त्यातली २८ मिनिटं चांगला खेळाडू सहज खेळतो, आणि आक्रमण-बचाव दोन्हीकडे तोच. अमेरिकन फुटबॉलला चाळीस-पन्नास पोरं लागतात, तिथे मोठ्या पटाच्या शाळेला खरंच फायदा होतो. इथे दोन बरे गार्ड (चेंडू खेळवणारे) आणि साडेसहा फुटी एक पोरगा मिळाला की संघ उभा राहिला. त्यामुळे पटानुसार गट पाडायची जुनी पद्धत बास्केटबॉलमध्ये लंगडी पडते. जिला प्रवेशासाठी गावाची हद्द नाही ती चारशे पोरांची शाळा अख्ख्या जिल्ह्यातून पाच जण निवडू शकते. दोन हजार पटाच्या पब्लिक शाळेला आपल्या गावात जे जन्मले त्यांच्यावरच भागवावं लागतं.

राज्यांनी यावर नाना उपाय करून पाहिले आहेत. इलिनॉयने २००५ मध्ये हद्द नसलेल्या शाळांचा पट १.६५ ने गुणायला सुरुवात केली. म्हणजे ८०० पोरांची कॅथलिक शाळा कागदावर १३२० ची होते आणि वरच्या गटात जाते. अलाबामानेही खाजगी शाळांसाठी असाच १.३५ चा गुणक लावला. फुटबॉलपुरतं हे ठीक. पण ज्या शाळेकडे निवडून आणलेले पाच जण आहेत तिला ८०० काय आणि १३२० काय! शिवाय जी गरीब पॅरिश (चर्चची) शाळा कोणालाच आणत नाही तीही याच गुणकात भरडली जाते.

ओहायोची युक्ती जास्त विचारपूर्वक केलेली आहे. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं शाळांनी ती मतदानात पाडली आणि २०१४ मध्ये मंजूर केली. तिच्यात शाळेचा शिक्का बघत नाहीत, रोस्टरवरचा (संघाच्या यादीतला) एकेक मुलगा बघतात. सातवीपासून याच व्यवस्थेत शिकलेल्या मुलाचा भार शून्य. नंतर आलेल्याचा थोडा. हद्दीबाहेरून आलेल्याचा जास्त, आणि तो खेळानुसार ठरलेल्या आकड्याने गुणून पटात मिळवायचा. अडचण अशी की गट रुंद असले तर पट थोडाफार वाढूनही शाळा गट बदलत नाही, जिथल्या तिथेच राहते.

मला त्यातल्या त्यात इंडियानाचं सूत्र पटतं. १९९७ पर्यंत या राज्यात लहान-मोठ्या सगळ्या शाळांची एकच स्पर्धा होती, त्यामुळे गट या गोष्टीबद्दल तिथली माणसं हळवी आहेत. २०१२-१३ पासून त्यांनी यशाचे गुण मोजायला घेतले. राज्य स्पर्धेच्या चढत्या टप्प्यांत सेक्शनल जिंकलं तर १, रीजनल २, सेमीस्टेट ३, राज्य विजेतेपद ४. दोन वर्षांत ६ गुण झाले की शाळा एक गट वर. पोरं कुठून आली, कोणाला काय मिळालं, घरभाडं कोण भरतं, यातलं काहीच सिद्ध करावं लागत नाही. जिंकताय ना, मग वर जा. खोट एकच, आणि ती हायस्कूलच्या चार वर्षांच्या चक्रामुळे येते: गुण मिळवणारी बॅच बारावी करून निघून जाते आणि वरच्या गटातला मार खालची बॅच खाते.

न्यू जर्सीने राज्य विजेतेपदासाठी पब्लिक आणि नॉन-पब्लिक वेगळे केले आहेत. सगळ्या विजेत्यांना एकत्र आणणारी टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सही २०२२ नंतर बंद झाली. काउंटी आणि कॉन्फरन्सच्या स्पर्धा मात्र अजून एकत्र होतात, म्हणून तुमच्या मुलाची गाठ तिथे पडली. ती स्पर्धा पब्लिक शाळांना हवीशी वाटते ती प्रेक्षकांमुळे आणि शेजारच्या गावाशी असलेल्या जुन्या खुन्नसमुळे. वेगळी मागितली तर हे दोन्ही जातं, आणि मागणाऱ्यांच्या हे बहुधा लक्षात नसतं.

पोरं जमतात कशी? दर वेळी कोच घरी येऊन आमिष दाखवतो असं नाही. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलचा तारा झालेला लेब्रॉन जेम्स आणि त्याचे तीन मित्र ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये लहानपणापासून शूटिंग स्टार्स या ट्रॅव्हल (शाळेबाहेरच्या, गावोगावी फिरून खेळणाऱ्या) संघात एकत्र खेळत होते. सगळ्यांना वाटत होतं ती बुक्टेल या पब्लिक शाळेत जातील. पण त्यांच्यातल्या छोट्या चणीच्या गार्डला वाटलं की तिथे आपल्याला व्हर्सिटीत घेणार नाहीत, आणि चौघं मिळून १९९९ मध्ये सेंट व्हिन्सेंट–सेंट मेरीत गेले. गावात बराच राग झाला. शाळेने २०००, २००१ आणि २००३ ची राज्य विजेतेपदं जिंकली. याला कोणत्या नियमाने अडवणार? चार मित्रांनी एकत्र शाळा निवडली, एवढंच तर घडलं होतं.

खेळासाठी मुलं पळवायला राज्य संघटनांच्या नियमांत बंदी आहे. आर्थिक मदत द्यायची तर घरची ऐपत बघून द्यायची, जंप शॉट बघून नाही. ट्रान्सफर झाली की जुन्या आणि नव्या अशा दोन्ही शाळांच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरनी (शाळेतल्या खेळांच्या प्रमुखांनी) फॉर्मवर सही करायची. कुटुंबाने खरोखर घर बदललं असेल तर मुलगा लगेच खेळतो, नसेल तर बऱ्याच राज्यांत काही आठवडे किंवा जवळजवळ अर्धा हंगाम बाहेर बसतो. घर बदलणं ‘बोनाफाइड’ असावं लागतं. (शाळेच्या दाखल्यामुळे हा शब्द आपल्या ओळखीचा, इथे त्याचा अर्थ असा की सगळं कुटुंब हललं आणि जुनं घर सुटलं.) फटी याच ठिकाणी पडतात: आई मुलाला घेऊन एका बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, बाबा आणि धाकटी जुन्या घरी, किंवा पालकत्व मामाच्या नावावर. प्रकरण कोर्टात गेलं तर न्यायाधीश मुलाला तात्पुरतं खेळू देतात आणि निकाल हंगाम संपल्यावर लागतो. टेक्ससमध्ये डंकनव्हिल हायस्कूलचं २०२२ चं राज्य विजेतेपद अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल नंतर काढून घेतलं. पण जी शाळा त्यांच्याशी हरून बाहेर पडली तिला तो सामना परत मिळत नाही. फ्लोरिडाने तर हा खटाटोपच सोडला: २०१६ च्या कायद्याने जागा असेल त्या पब्लिक शाळेत जा आणि लगेच खेळा.

अगदी वरच्या थराच्या शाळा आता राज्य स्पर्धेत नसतातच, आणि मला ते योग्य वाटतं. फ्लोरिडातल्या माँटव्हर्ड अकॅडमीच्या २०१९-२० च्या संघातले चार जण (केड कनिंगहॅम, स्कॉटी बार्न्स, मोझेस मूडी, डेरॉन शार्प) २०२१ च्या एनबीए ड्राफ्टच्या (व्यावसायिक लीगसाठी होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्याच फेरीत गेले. तो संघ २५-० राहिला. २०२३-२४ चा कूपर फ्लॅगचा संघ ३३-०, आणि त्यातलेही चौघं २०२५ मध्ये पहिल्या फेरीत. हे संघ देशभर फिरून आपल्यासारख्याच संघांशी खेळतात, गावच्या शाळांना तुडवत नाहीत. आणखी एक: तिथे ताऱ्यांनाही वाटून घ्यावं लागतं. २०२१ चा पहिल्या क्रमांकाचा ड्राफ्ट पिक कनिंगहॅम, त्याचेसुद्धा त्या हंगामात सामन्याला १४ च्या आसपासच गुण होते.

तुमच्याच राज्यातलं उलटं उदाहरणही बघा. जर्सी सिटीतली सेंट अँथनी ही छोटी शाळा, तिच्याकडे स्वतःचं जिमसुद्धा नव्हतं. १९७२ पासून बॉब हर्ली कोच. २८ राज्य विजेतेपदं. शहरभरातली गुणी पोरं तिथे जमायची, बहुतेक गरीब घरची, आणि जवळजवळ सगळी कॉलेजात गेली. २०१७ मध्ये पैशाअभावी शाळा बंद पडली. या जमण्याला अन्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ज्याच्यावर खरा अन्याय होतो तो बहुधा त्या बलाढ्य शाळेच्याच बाकावर बसलेला असतो. हिशेब सोपा आहे. ३२ मिनिटं गुणिले ५ जागा म्हणजे १६० मिनिटं. पहिले पाच प्रत्येकी २६ खेळले की १३० संपली. उरलेली ३० तीन राखीव खेळाडूंत. रोस्टर १२ ते १५ जणांचं, म्हणजे नवव्यापासून पुढचे अटीतटीच्या सामन्यात पाणी देतात. नववीपासून फ्रेशमन (नववीचा संघ), मग जेव्ही (दुय्यम संघ) अशी शिडी चढून आलेल्या पोराला अकरावीत कळतं की त्याच्या जागेवर बाहेरून कोणी आला. त्याचे आईबाप फी भरून हे बघतात.

आता मुलाला हलवायचं का? अकरावीतल्या मुलाला मी तरी हलवणार नाही. नक्कीच विचार असेल तर त्या शाळेचं रोस्टर काढा आणि मुलाच्या जागेवर त्याच्याच वर्गात आणि खालच्या वर्गांत किती जण आहेत ते मोजा. दोनपेक्षा जास्त असतील तर कोच कितीही गोड बोलो, मिनिटं मिळणार नाहीत. मग कागद. कॉलेजात डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या पातळीवर) खेळायचं तर एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना हायस्कूलचे १६ कोअर (मुख्य शैक्षणिक) विषय मागते, त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत आणि त्या दहातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातले. शाळा बदलताना एखादा विषय नव्या शाळेच्या मंजूर यादीत बसला नाही की इथे घोळ होतो आणि तो फार उशिरा लक्षात येतो. वर्ग मागे घ्यायचा (तोच वर्ग पुन्हा करून एक वर्ष जास्त खेळायचा) सल्ला कोणी दिला तर सावध राहा: पात्रतेची आठ सत्रं नववीत पाऊल टाकल्यापासून मोजतात, म्हणून ज्यांना हे जमवायचं असतं ते आठवीतच जमवतात.

कॉलेजचे कोच मुलांना मुख्यतः एप्रिल आणि जुलैच्या ट्रॅव्हल स्पर्धांत बघतात. ४१ गुणांच्या हारीने तुमचा मुलगा कोणाच्या नजरेतून उतरलेला नाही. तसंही हायस्कूलमधल्या शंभरात एखादाच डिव्हिजन वनपर्यंत पोचतो.

मुलं पळवल्याची खात्री असेल तर राज्य संघटनेला थेट मेल करू नका. सभासद शाळा असते, पालक नव्हे. तारखा, मेसेज, कोणी कोणाशी संपर्क केला हे कागदावर मांडून आपल्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरकडे द्या. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा होत नाही. आणि तक्रारीत मुलाचं नाव पुढे करू नका, मोठ्यांचं करा.

पुढच्या वर्षी तीच गाठ पडली तर कोचने काय करावं हेही सांगतो, कारण तुल्यबळ नसलेला संघ वेगाने खेळला की हार मोठी होते. धरा, समोरचे दर पझेशनला (चेंडू ताब्यात आल्याच्या प्रत्येक खेपेला) तुमच्यापेक्षा ०.३ गुण जास्त काढतात. ७० पझेशन खेळलात तर २१ गुणांचा फरक, ४५ खेळलात तर साडेतेरा. आणि साडेतेराची दरी चार-पाच तीन-गुणी शॉट नेमके बसले तर भरते. स्पर्धेत शॉट क्लॉक (ठरल्या वेळात शॉट मारायची सक्ती) नसेल तर चेंडू धरून ठेवणं कायदेशीर आहे. १९५४ मध्ये इंडियानातल्या १६१ पटाच्या मायलन शाळेने मन्सी सेंट्रलला राज्याच्या अंतिम सामन्यात ३२-३० ने हरवलं, तेव्हा चौथ्या क्वार्टरमध्ये बॉबी प्लंप चार मिनिटांहून जास्त चेंडू हातात घेऊन नुसता उभा होता. उंच सेंटरची भीती काढायला सराव वेगळा. १९६५ मध्ये डिमॅथा शाळेचे कोच मॉर्गन वूटन यांनी सरावात बचावपटूंच्या हातात टेनिस रॅकेट दिल्या, म्हणजे पोरांना समोरच्या पॉवर मेमोरियल शाळेच्या उंच लू अल्सिंडरच्या (पुढचा करीम अब्दुल-जब्बार) हातांवरून शॉट मारायची सवय व्हावी. पॉवर मेमोरियलची ७१ सामन्यांची विजयी मालिका ४६-४३ ने तुटली. रॅकेट नसतील तर लांब दांड्याचा झाडूही चालतो.