शिवीगाळ करणाऱ्याला ग्रुपमधून काढावं का?

तुमचा प्रश्न असा: पेठेतल्या फुटबॉलप्रेमींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मॅचच्या रात्री शिवीगाळ होते, चांगली माणसं गप्प झालीत, आणि ज्याला काढावं तो रोज चौकात भेटणारा. अशा वेळी ॲडमिननं काय करावं?

मीही शिवाजी पेठेतल्या अशाच एका ग्रुपचा ॲडमिन आहे. माझं मत स्पष्ट आहे: काढा. पण त्याआधी नियम नीट ठरवा, कारण बहुतेक ग्रुप तिथंच फसतात.

‘शिवी दिसली की बाहेर’ हा नियम कोल्हापुरात टिकत नाही. आपल्याकडं जिवाभावाचा दोस्त हाकच शिवीनं मारतो. उलट एकही वावगा शब्द न वापरता समोरच्याला रडवणारेही आपल्यातच आहेत. त्यामुळं शब्दांची यादी करत बसू नका. बोलणं खेळावर आहे की माणसावर, आणि ज्याच्यावर आहे तो त्याच ताकदीनं उलट बोलू शकतो का, एवढंच बघा. ‘आज बचावफळी झोपली होती’ हे कितीही चिडून लिहिलेलं असू दे, राहू दे. पेनल्टी हुकवलेल्या पोराच्या आईवर, जातीवर, रंगावर गेलं की ते हटवायचं.

शाहू स्टेडियमवर उतरणारी पोरं म्हणजे टीव्हीवरचे लांबचे खेळाडू नव्हेत. कुणी कॉलेजात शिकतंय, कुणी सकाळी दुकान सांभाळून दुपारी मैदानात येतंय. त्यांचे भाऊ, काका, मास्तर सगळे त्याच ग्रुपमध्ये असतात. आमच्याकडं एका गोलकीपरबद्दल हरल्याच्या रात्री जे लिहिलं गेलं, ते त्याच्या आईनं वाचलं. त्या आठवड्यात पोरगं सरावाला आलं नाही. असली भाषा ‘मॅचच्या जोशात चालायचंच’ म्हणून सोडून द्यावी, असं मला कधीच पटलेलं नाही.

नियम चारच ओळींत लिहा, ग्रुपच्या माहितीत टाका, आणि मोसम सुरू व्हायच्या आधी टाका. भांडण पेटल्यावर काढलेला नियम कुणा एकासाठीच काढलाय असं वाटतं.

मग प्रत्यक्ष कारवाई. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग मेसेज हटवा. २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी हटवता येतो. तो कुणी हटवला ते तिथं दिसतं, ते दिसलेलंच बरं. ग्रुपवर मात्र त्या माणसाला एक शब्दही सुनावू नका. चारचौघांत खाली बघायला लावलं की आपला माणूस माघार घेत नाही. पाठीशी दोन दोस्त उभे राहतात आणि रात्रभर तेच चालतं. त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच. ‘भावा, हे वाक्य काढलंय, या कारणानं काढलंय, परत आलं तर आठवडाभर बाहेर ठेवावं लागेल.’ एवढं बोलून थांबा, वाद घालू नका. बरेचजण इथंच शांत होतात, कारण सकाळी त्यांनाही ते वाचून बरं वाटलेलं नसतं. परत केलं तर सांगितल्याप्रमाणे आठवडाभर बाहेर. तिसऱ्यांदा मोसम संपेपर्यंत.

यात अवघड काम एकच आहे. पहिली कारवाई कुणावर होते, याकडं सगळ्या ग्रुपचं लक्ष असतं. नव्या पोराला काढलं आणि जर्सीचे पैसे देणाऱ्या दादांना सोडलं, तर त्या दिवसापासून तुमचा नियम मेला. तालमीत वस्ताद स्वतःच्या लाडक्या पैलवानालाही चुकीच्या पकडीवर थांबवतो, म्हणून बाकीचे त्याचं ऐकतात. दुसरा ॲडमिन मुद्दाम समोरच्या संघाचा समर्थक घ्या. दोघांनी मिळून काढलेल्या माणसाला ‘पार्टी बघून काढलं’ असं म्हणता येत नाही. आणि मोठ्या सामन्याची शेवटची शिट्टी वाजली की अर्धा तास ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ हे सेटिंग लावा. त्याहून जास्त वेळ नको, नाहीतर ग्रुपचा नोटीस बोर्ड होतो.

काही गोष्टींना फोनही नाही आणि दुसरी संधीही नाही: धर्मावरून चिथावणी, मारहाणीची धमकी, बाईमाणसाबद्दल घाण बोलणं. जून २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून आपल्या शहरात काय पेटलं, जिल्ह्यातलं इंटरनेट कसं बंद ठेवावं लागलं, ते तुम्ही पाहिलं असेल. अशा मेसेजवर ग्रुपमध्ये मतं मागवत बसू नका. एखाद्या बाईचा अपमान झाला असेल तर स्क्रीनशॉट तिच्याकडं द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली तिला तक्रार करता येते. करायची की नाही ते तिनं ठरवावं.

पोलिस ॲडमिनलाच उचलतील, या भीतीनं काहीजण ग्रुप चालवायलाच घाबरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की, सदस्यानं टाकलेल्या मेसेजसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचा सामायिक हेतू दिसावा लागतो. तेव्हा घाबरून ग्रुप बंद करू नका.

मुदत संपली की बाहेर ठेवलेल्याला तुम्हीच परत घ्या, त्यानं विनवणी करायची वाट बघू नका. परत आल्यावर त्या विषयाची आठवण कुणी काढली, तर तोही मेसेज हटवा.