टीएयू-१ उडीद ‘अणुकिरणांचा’ आहे, मग पोटात किरणं जातात का?

नाही जात, बिनधास्त खा. हाच प्रश्न आमच्या गावात पारावर दरवर्षी मृग लागला की निघतो, आणि विचारणाऱ्याच्या घरी डाळ त्याचीच शिजत असते!

नावातच उत्तर आहे: टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, यू म्हणजे उडीद. मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून १९८५ साली हे वाण दिलं. किरणांनी गुणसूत्रात बदल झालेलं एक झाड घेतलं, त्याचा टी-९ या जुन्या वाणाशी संकर केला आणि मग कित्येक पिढ्या निवड केली. म्हणजे तुमच्या थैलीतल्या बियाण्याला किरण लागलेलेच नाहीत. ते लागले त्याच्या पणजोबाच्याही पणजोबाला.

बरं, ज्या बीवर कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे गॅमा किरण मारतात, तीसुद्धा किरणोत्सर्गी होत नाही. एक्स-रे काढला म्हणून माणूस अंधारात चमकतो का? किरण आरपार जाताना डीएनए तोडतात, पण अणूचं केंद्रक बदलण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. तुटलेला डीएनए पेशी पुन्हा जोडते, कधी चुकीचा जोडते. बहुतेक चुका वाया जातात, एखादी कामाची निघते.

काळजी करायचीच तर फवारणीची करा.