कंदील कोणाच्या हातचा?

प्रश्न : आर्वी तालुक्यात आमचे लहानसे गाव आहे. गेली ४० वर्षे मी दिवाळीचा आकाशकंदील घरीच करतो. पुण्याहून सुट्टीत येणारा नातू १० वर्षांचा आणि नात ७ वर्षांची आहे. त्यांना भेट म्हणून तो असतो. मागच्या वर्षी ओट्यावर त्यांनी आणलेला प्लास्टिकचा कंदील लागला आणि माझा गोठ्यात गेला. नातवाला मी सोबत करायला बसवले होते, पण त्याने कागद वाकडा लावला म्हणून मी तो काढून नीट लावला, तर तो मोबाइल घेऊन बसला. यंदा कंदील करावा की नाही?

उत्तर : काकाजी, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात प्लास्टिकचा कंदील आणि गोठा एवढेच दिसले. दुसऱ्या वेळी नजर वाकड्या कागदावर थांबली, ज्याचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे. खळीने माखलेल्या बोटांनी मुलाने बसवलेला कागद त्याच्यादेखत सोलून काढला, की त्या कंदिलातला त्याचा वाटा संपतो, आणि मग तो ओट्यावर लागला काय नि गोठ्यात लागला काय, त्याला सारखेच. गोठ्यात कंदील लागण्यात अपमान मात्र मला दिसत नाही. दिवाळीतल्या गायगोधनाला, म्हणजे गाईगुरांच्या पूजेच्या दिवशी, आपल्याकडे मान जनावरांचाच असतो.

तेव्हा कंदील अवश्य करावा, पण पुरा करू नये. कोजागिरीनंतर सोयाबीनच्या कामातून सवड मिळाली की बुरडाकडून बांबूच्या कमच्या आणाव्यात, प्रत्येकी २५ सेंटिमीटरच्या २४ कापाव्यात आणि चाकूच्या पाठीने खरवडून त्यांच्या फासा काढाव्यात, कारण बोटात फास गेलेले मूल पुन्हा बांबूला हात लावत नाही. चार चौकोन आपण बांधून ठेवा. ते टोकावर उभे करून एकमेकांना जोडणे आणि वरखाली उरलेल्या आठ कमच्या बांधणे हे काम नातवासाठी राखून ठेवा. सांगाडा उभा राहिला की त्यात चौकोन किती आणि त्रिकोण किती, हे त्याला सांगू नका, मोजू द्या. सहा आणि आठ हे उत्तर त्याचे त्याला सापडले, की मोबाइल काही काळ तरी विसरला जाईल.

वरचा नि खालचा चौकोन उघडा ठेवायचा असल्याने पतंगी कागदाचे बारा तुकडे लागतात, आणि कमचीवर दुमडायला प्रत्येकाच्या कडेला एक सेंटिमीटर जादा ठेवावा लागतो. हे तुकडे नातवाने चिकटवावेत. कंदिलाच्या कागदी शेपट्या आणि करंज्या नातीकडे द्याव्यात. त्या वेळी आपले हात स्वस्थ बसणार नाहीत, हे आपल्या पत्रावरूनच दिसते, म्हणून समोर कापूस घेऊन वातींसाठी सरकी काढत बसा. सुरकुती दिसली तरी सरकी सोडू नका.

खळ दोन चमचे मैदा आणि कपभर पाणी मंद आचेवर शिजवून करावी. माझी आई उंदीर-झुरळे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालत असे. तो विषारी आहे आणि मुलांची बोटे तोंडात जातात, तेव्हा तो अजिबात घालू नये. आत एलईडीचा लहान दिवा लावावा. आमच्याकडे एकदा ६० वॉटचा जुना दिवा कागदाला टेकला आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कंदिलाला पैशाएवढे तपकिरी भोक पडले, ज्यावरून भाऊबीजेपर्यंत माझ्यात नि भावात भांडण चालले होते. पहाटेच्या दंवाने कागद ढिला पडतो, म्हणून कंदील उघड्या अंगणात न टांगता ओसरीच्या आढ्याला टांगावा.

राहिला प्रश्न प्लास्टिकच्या कंदिलाचा. तो यंदाही पिशवीतून निघाला, तर सुनेला किंवा मुलाला एक शब्द बोलू नका. तो तुळशीवृंदावनापाशीही लावता येईल, तिथे दंव पडले तरी त्याचे काही बिघडत नाही. ओसरीवर कोणता लावायचा, हे नातवाला ठरवू द्या, आणि त्याने पुन्हा प्लास्टिकचाच निवडला, तर दुसरा गोठ्यात लावायला त्यालाच सोबत घेऊन जा.